'लॉक्ड' म्हणजे लागण नव्हे

मा. संपादक,
स. न.

अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन संपला की अहवालात काही फायलींपुढे 'लॉक्ड' किंवा 'उघडता आली नाही' असा शेरा येतो. पेजफाइल.सिस, हायबरफिल.सिस, सॅम, सिक्युरिटी, एनटीयूजर.डॅट ही त्यातली ठरलेली नावे. ती पाहून घाबरणारे पुष्कळ, आणि त्या भीतीवर 'अनलॉकर', म्हणजे अशी कुलपे तोडणारे प्रोग्रॅम, खपवणारेही पुष्कळ. 'फाइलची मालकी घ्या आणि उडवून टाका' हा सल्ला तर सर्रास दिला जातो. विंडोज वापरणाऱ्यांनी तो का मानू नये, ते थोडे तपशिलात लिहीत आहोत.

विंडोजमध्ये कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडतानाच सांगतो, की आपले काम चालू असताना इतरांना ती वाचू द्यायची का, तिच्यात लिहू द्यायचे का, ती पुसू द्यायची का. तिन्हींना नकार दिला की दुसऱ्या प्रोग्रॅमला ती फाइल उघडताच येत नाही. मग तो दुसरा प्रोग्रॅम अँटिव्हायरस का असेना. सॅम, सिस्टिम, सॉफ्टवेअर या रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज ठेवते त्या नोंदवहीच्या, फायली. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्या विंडोजच्या गाभ्याच्याच ताब्यात असतात. एनटीयूजर.डॅट ही त्या-त्या वापरकर्त्याची रजिस्ट्री, ती लॉगिनपासून अडकते. पेजफाइलमध्ये मेमरीतला बाहेर काढलेला मजकूर सतत ये-जा करत असतो. म्हणजे या फायली कुलूपबंद दिसणे हेच ठाकठीक असल्याचे लक्षण आहे. त्या सहज उघडल्या असत्या तरच काळजी करायची.

पण सगळी कुलपे एक नव्हेत, आणि बहुतेक नुकसान इथेच होते. 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या वापरात आहे' अशा अर्थाचा संदेश म्हणजे त्रुटी क्रमांक 32. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे क्रमांक 5. पहिल्यात कोणीतरी फाइल धरून बसले आहे, दुसऱ्यात आपल्याला परवानगीच नाही. पहिल्यावर मालकी बदलून काडीचाही उपयोग होत नाही. एक अपवाद मात्र फसवा आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमची ईएक्सई फाइल पुसायला गेलात तर परवानगी असूनही 5 क्रमांकच येतो. गंमत म्हणजे पुसता न येणाऱ्या त्याच फाइलचे नाव बदलता येते.

फाइल कोणी धरली आहे, हे शोधायला बाहेरचे काही आणावे लागत नाही. विंडोज आणि आर ही बटणे दाबून 'रेसमॉन' टाइप करा. रिसोर्स मॉनिटर उघडेल. त्यात 'सीपीयू' टॅबमधल्या 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. काही सेकंदांत प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे, नाव आणि पीआयडी हा तिचा क्रमांक दिसतो. वर्ड, फोटो दाखवणारा प्रोग्रॅम, क्लाउड सिंक असे काही निघाले तर ते नीट बंद करा, कुलूप आपोआप सुटते. पीआयडी 4, म्हणजे 'सिस्टिम', दिसला तर तिथेच थांबा. आणि एलसॅस ही लॉगिन व सुरक्षा सांभाळणारी प्रोसेस तर मारूच नका, संगणक रीस्टार्ट होतो.

क्रमांक 5 बद्दल. विंडोज व्हिस्टापासून बहुतेक सिस्टिम फायलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या सेवेकडे आहे. ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या फक्त वाचता येतात. 'टेकओन' आणि 'आयकॅक्ल्स' या आज्ञांनी ही मालकी ओढून घेता येते, पण त्या अख्ख्या विंडोज फोल्डरवर चालवल्या की हजारो फायलींच्या मूळ परवानग्या पुसल्या जातात. पुढे अपडेट अडकू लागतात आणि कारण सापडत नाही. एसएफसी या विंडोजच्याच सिस्टिम फायली तपासणाऱ्या आज्ञेची 'स्कॅननाऊ' दुरुस्ती बिघडलेली फाइल बदलून देते, पण विस्कटलेल्या सगळ्या परवानग्या पूर्ववत होतील असे तिच्या भरवशावर धरू नये. एखाद्याच फाइलची मालकी परत द्यायची असेल तर नुसते 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' लिहून चालत नाही. त्याआधी 'एनटी सर्व्हिस' आणि उलटी तिरकी रेघ लागते. पुष्कळांचे घोडे इथेच पेंड खाते.

जागा मोकळी करायची म्हणून हायबरफिलच्या, म्हणजे संगणक 'हायबरनेट' करताना मेमरीतला मजकूर जिच्यात साठवला जातो त्या फाइलच्या, मागे लागणारेही खूप. विंडोज 10 मध्ये तिचा पूर्ण आकार साधारण रॅमच्या 40 टक्के असतो, म्हणजे 16 जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. ती हाताने पुसायची नसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी'ला हायबरनेट 'ऑफ' सांगितले की विंडोज स्वतःच ती काढून टाकते. मात्र तिच्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप', म्हणजे संगणक लवकर सुरू होण्याची सोय, हीही जाते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ती उडवणे धोक्याचे आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' केलेले विंडोज अर्धवट झोपलेले असते, त्या अवस्थेत सी ड्राइव्हवर बाहेरून लिहिले तर डेटा बिघडू शकतो.

याच कारणाने 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' एक नाहीत. वापरातली फाइल बदलायची असेल तर इन्स्टॉलर तिची नोंद रजिस्ट्रीत करून ठेवतो, आणि पुढच्या खऱ्या बूटच्या वेळी, कोणी ती धरण्याआधी, अदलाबदल होते. म्हणून रीस्टार्ट मागितला असेल तर रीस्टार्टच करावा.

बॅकअप घेणाऱ्यांना एक सूचना. रोबोकॉपी ही विंडोजची फायलींची प्रत काढणारी आज्ञा कुलूपबंद फाइलपाशी आली की मुळातल्या सेटिंगप्रमाणे 10 लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून, पुन्हा प्रयत्न करते. हिशेब केला तर एका फाइलमागे 347 दिवस! 'आर' (किती वेळा) आणि 'डब्ल्यू' (किती सेकंद थांबून) या तिच्या दोन्ही पर्यायांना 1 द्या. रजिस्ट्रीसकट पूर्ण बॅकअप हवा असेल तर शॅडो कॉपी वापरणारा प्रोग्रॅम घ्यावा. तो ड्राइव्हचे त्या क्षणाचे चित्र गोठवून त्यातून प्रत काढतो, चालू फाइलला हातच लावत नाही.

आपलीच कागदपत्रे व फोटो उघडेनासे झाले, नावापुढे अनोळखी शेपूट आले आणि फोल्डरात खंडणीची चिठ्ठी सापडली, तर तो प्रकार वेगळा: ते रॅन्समवेअर. तिथे आधी नेटवर्क तोडावे. आणि नुसता संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीतला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. संगणक रीस्टार्ट होऊन सुमारे 15 मिनिटे तपासणी चालते. त्या वेळी नेहमीचे विंडोज चालू नसल्यामुळे एरवी अडलेल्या रजिस्ट्रीच्या फायलीही वाचता येतात.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या कामातले काही वाचक