दोन टीबीची एक हार्ड डिस्क घेऊ नका, एक टीबीच्या दोन घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक्सटर्नल हार्ड डिस्क कोणती घ्यावी यावर पानभर लेख आला होता, सोबत तक्ता, कंपनी, किती टीबी (टेराबाइट, म्हणजे हजार जीबी), स्पीड, किंमत आणि शेवटच्या रकान्यात एका टीबीला किती रुपये पडतात ते. तो तक्ता इकडे इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे फिरला, रामबागेतून सुदामानगरला आणि तिथून परत रामबागेत, आणि दुकानदाराला तो दाखवून घासाघीस करून लोकांनी डिस्क घेतल्यासुद्धा. तक्त्यात पहिला नंबर अर्थातच सगळ्यात मोठ्या डिस्कचा, कारण टीबी वाढले की टीबीमागचा भाव उतरतो, त्यात नवल काय. पण घरच्या वापरासाठी जो माणूस ही वस्तू घेतो त्याला तो शेवटचा रकाना चुकीच्या वाटेला लावतो असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते छापाल अशी अपेक्षा आहे.

लोक डिस्क घेतात कशाला ते आधी बघा ना. गूगल फोटोजवरचं फुकटचं अमर्याद साठवणं १ जून २०२१ ला बंद झालं, तेव्हापासून जीमेल, फोटो, ड्राइव्ह सगळं १५ जीबीत कोंबायचं नाहीतर दर महिन्याला पैसे भरायचे. नवीन लॅपटॉप बघायला जावं तर आत २५६ नाहीतर ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, फास्ट असते मान्य, पण जागा घरातल्या जुन्या डेस्कटॉपपेक्षाही कमी. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर काढायची वेळ आली आणि त्यातलं सगळं ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. आणि आता शूटिंग काय सगळेच करतात, आयफोनवर साधा १०८०पी व्हिडिओ मिनिटाला ६० एमबीच्या आसपास जागा खातो आणि ४के असेल तर १७० एमबी, म्हणजे नातवाच्या मुंजीचं ४के मधलं तासभराचं शूटिंग हेच १० जीबी झालं.

मग होतं काय, की डिस्क घरी आली की लोक लॅपटॉपमधलं सगळं तिच्यात कट-पेस्ट करतात. कॉपी नाही हो, कट. कारण लॅपटॉप रिकामा करायचा हाच तर उद्देश. झालं, जागा वाढली, पण कॉपी एकच राहिली, आणि तीसुद्धा घरातल्या सगळ्यात नाजूक वस्तूवर. ह्याला कोणी बॅकअप म्हणत असेल तर म्हणो बापडं.

नाजूक का म्हणते तर आत एक चकती मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. बंद असताना पडली तर एखादवेळ वाचते पण चालू असताना टेबलावरून खाली आली की बऱ्याचदा खेळ आटोपला. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाची डिस्क अशीच टीव्हीला लावलेली असताना मुलांच्या पायात वायर अडकून पडली, त्यात दोन पिढ्यांचे फोटो होते, डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट कोटेशन दिलं आणि वर गॅरंटी काही नाही म्हणाला. वॉरंटी होती की! पण वॉरंटीत काय मिळतं, दुसरी डिस्क मिळते, रिकामी. आतल्या फोटोंची जबाबदारी कंपनी घेत नाही, हे सगळ्याच कंपन्यांच्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. २ टीबीची एक डिस्क घ्यायला निघाला असाल तर १ टीबीच्या दोन घ्या आणि दोन्हीत तेच तेच ठेवा. टीबीमागचा भाव जास्त पडेल, पडू दे. दुकानदार म्हणणारच, "मॅडम, बड़ी ले लो, बार-बार थोड़ी लेना है," आणि त्याचंही बरोबर आहे, त्याला विकायचीय. पण ४ एमबीचा एक फोटो धरला तर १ टीबीत अडीच लाख फोटो मावतात, एवढे फोटो काढायला आधी तेवढ्या मुंजी आणि बारशी तर व्हायला हवीत. ज्यांना खरंच जास्त लागतं ते वेगळे. आमच्या नाट्यमंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांच्या व्हीएचएस आणि पुढे मिनीडीव्ही कॅसेट आम्ही कॉम्प्युटरवर घेतल्या, मिनीडीव्हीचं तर तासाला १३ जीबीच्या आसपास होतं, तिथे १ टीबी पुरली नाही. पण तिथेही मोठ्या घेतल्या त्या दोनच घेतल्या, एक मंडळाच्या कपाटात आणि दुसरी देवासला एका सभासदाकडे. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर चोर आणि पाणी दोघांचंही काम सोपं.

आता तुमच्या तक्त्यातल्या स्पीडच्या रकान्याबद्दल. तो आकडा बॉक्सवरून उचललाय हे उघड आहे. बॉक्सवर "यूएसबी ३.२ जेन १" लिहिलेलं असतं, वाचून वाटतं काहीतरी नवीन आलंय, पण ते २००८ साली आलेलं यूएसबी ३.० च आहे, तेच सेकंदाला ५ गिगाबिट, फक्त नाव दोनदा बदललं. आणि वायर कितीही पळो, आतली ५४०० वाली चकती पळेल तेवढंच. नवी कोरी डिस्क सेकंदाला १२०-१३० एमबी देते आणि जसजशी भरत जाते तशी आतल्या, लहान घेराच्या ट्रॅकवर (डेटा ज्यावर लिहिला जातो त्या गोल रेघांवर) हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. सरासरी १०० धरा, १ टीबी भरायला पावणेतीन तास. जुन्या कॉम्प्युटरच्या यूएसबी २.० पोर्टला लावली तर तेच आठ-नऊ तास, तेव्हा डिस्क स्लो आहे म्हणून परत करायला धावायच्या आधी पोर्ट कोणता ते बघा, आत निळं प्लास्टिक असेल तर तो बहुतेक ३.० चा.

अजून एक गोष्ट बॉक्सवर कधीच नसते. आजकालच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे चकतीवरचे ट्रॅक छपरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक थोडे चढवून बसवलेले. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक बदलायचं तर पुढची पण उचलून परत लावावी लागतात, म्हणून सलग भरपूर डेटा टाकत राहिलं की सुरुवातीला पळणारी डिस्क मध्येच मुंगीच्या चालीवर येते. फोटो ठेवून द्यायला ही डिस्क चांगली चालते, रोज त्याच्यावरच व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मात्र घेऊ नये, त्याने सरळ पोर्टेबल एसएसडी घ्यावी. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पडली तरी सहसा काही होत नाही, वेग पण चारपाच पट किंवा त्याहून जास्त, फक्त महाग. आणि एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बिनविजेची पडून राहायची वस्तू नाही, घरगुती एसएसडीचं मानक बघितलं तर पूर्ण वापरून झिजलेल्या एसएसडीने ३० अंशात बंद राहून १ वर्ष डेटा धरावा एवढीच अपेक्षा ठेवलेली आहे. नवी एसएसडी त्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते, पण कपाटात ठेवून विसरायची असेल तर मी साधी डिस्कच घेईन.

३० अंशांवरून आठवलं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आता मे महिन्यात इंदूरात दुपारी ४० च्या वर पारा असतो, वरच्या मजल्यावर गच्चीखालच्या खोलीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. माळव्याच्या थंड रात्रींचं कौतुक पुष्कळ झालं, तर त्या रात्रीच वापरा की, उन्हाळ्यात मोठं कॉपीचं काम रात्री नाहीतर पहाटे लावा. आणि डिस्क सोबत मिळालेल्या रेक्झिनच्या पाकिटात ठेवून चालवू नका, तिला उघड्यावर ठेवा. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या लेखात उन्हाळा नसतो हे मी समजू शकते.

डिस्क कटकट आवाज करतेय, दिसते न दिसते असं झालं की लोक लगेच खराब म्हणतात. कधीकधी नुसता करंट कमी पडत असतो, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० चा ९००, त्यात लांब एक्स्टेन्शन वायर किंवा एका पोर्टचे अनेक करणारा स्वस्त हब अध्येमध्ये जोडला की चकती फिरायला ताकदच राहत नाही. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला सरळ लावून बघायचं, सोबतची आखूड वायर त्यासाठीच आखूड असते. तरीही कटकट चालूच राहिली तर मात्र हात लावू नका, बंद करा.

फॉर्मॅटचं, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं, थोडक्यात सांगते. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते पण त्यावर लिहिता येत नाही, दोन्हीकडे चालवायची तर एक्सफॅट करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही. आणि १ टीबीची डिस्क लावल्यावर ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढंच, चोरी कोणी केलेली नाही.

चोरी दुसरीकडे आहे. ऑनलाइन "१६ टीबी पोर्टेबल" दीड-दोन हजारात मिळते ना, ती. खिशातल्या अडीच इंची हार्ड डिस्कमध्ये वर्षानुवर्षं ५ टीबीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, ६ टीबी २०२४ मध्ये आली. १६ टीबीच्या त्या डबीत एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये खोटा आकडा भरलेला, म्हणजे सुरुवातीच्या फाइली नीट जातात आणि पुढच्या जागच्या जागी गायब, नाव दिसतं आणि उघडत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो पण खोटेपणा लपत नाही. माझं मत विचाराल तर सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन पक्कं बिल घेऊन घ्या आणि काउंटरवरच क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर चालवून बघा, त्यात डिस्क किती तास चाललीय ते दिसतं, नवीन म्हणून विकलेली डिस्क शेकडो तास चाललेली दिसली तर तिथेच परत. घरी आणल्यावरही अधूनमधून तेच सॉफ्टवेअर उघडायचं, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे चकतीवरच्या खराब झालेल्या किंवा संशयास्पद जागा, वाढताना दिसले की दुसऱ्या डिस्कवर सगळं आहे ना ते आधी बघायचं आणि मग नवीन आणायला निघायचं.

दोन घेताना शक्यतो दोन कंपन्यांच्या घ्या, एकाच दिवशी एकाच बॅचच्या नकोत. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या मुळात तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, बाकीची नावं यांचीच डिस्क आपल्या डबीत घालून विकतात, त्यामुळे बाहेरचं नाव वेगळं दिसलं म्हणून आतली डिस्क वेगळी असेलच असं नाही. पासवर्डवाली घेतली तर पासवर्ड कुठेतरी कागदावर लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, कायम लावून ठेवली तर मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला होता तसा एखादा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, कॉम्प्युटरसोबत तिलाही कुलूप लावून मोकळा होतो.

शेवटी एक विनंती. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, आणि काहींमध्ये आत लॅपटॉपमध्ये बसते तशी साधी साटा जोडणीची डिस्क असते आणि सॉकेट वेगळ्या छोट्या कार्डावर. ते रुंद चपटं सॉकेट ढिलं होणं हा या डिस्कचा नेहमीचा आजार, आणि तो झाला की दुसऱ्या प्रकारात डिस्क बाहेर काढून पाचेक मिनिटांत दुसऱ्या केसिंगमध्ये लावता येते, पहिल्या प्रकारात मात्र सोल्डरिंगवाला शोधत फिरावं लागतं. कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं आणि दुकानदारालाही विचारून कळत नाही. तुमच्या लेखकाकडे त्या तक्त्यातल्या सगळ्या डिस्क होत्या असं लेखात म्हटलंय, तर त्यांनी त्या उघडून बघाव्यात आणि पुढच्या पुरवणीत दर टीबीच्या भावाचा रकाना काढून त्या जागी हे छापावं.

आपली,
एक नियमित वाचक
सुदामानगर, इंदूर