रिकाम्या जागेनं गणित शिकवायचं का, शिक्षणमंत्री?

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

आमच्या हायर सेकंडरीतली गणित शिक्षकाची जागा जूनपूर्वी भरू, असा शब्द पालकसभेत मिळाला होता. जून गेला, चवथ झाली, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेचं जानेवारीचं सत्रही उरकलं. लेक्चर बेसिसवरच्या बाईंना दुसरीकडे कायम नोकरी मिळाली, त्या गेल्या. त्यांना दोष नाही. आता मुलं एप्रिलच्या सत्राला बसणार आणि इंटिग्रेशन अर्ध्यावर.

आपल्याला वाटत असेल, पोरांना कॅल्क्युलस जड जातं. नाही, साहेब. अडतं ते आठवी-नववीच्या बीजगणितात. १/क्ष < २ एवढंच फळ्यावर लिहून बघा. बहुतेक मुलं दोन्ही बाजूंना क्षनं गुणतात आणि क्ष > १/२ लिहून मोकळी होतात. क्ष ऋण असला तर गुणताना चिन्ह उलटतं, म्हणून शून्याखालच्या सगळ्या किमतीही उत्तरात येतात, हे कोणी दाखवलेलंच नसतं. तीच गत |कॉस क्ष|च्या शून्य ते पाय (π) इंटिग्रेशनची. मोड, म्हणजे किंमत धन ठेवणाऱ्या त्या उभ्या रेघा, गाळतात, साइन पाय वजा साइन शून्य करतात, उत्तर शून्य. पाय/२ला दोन तुकडे पाडले की उत्तर २ येतं. पेपर काढणाऱ्याला ही चूक पाठ असते, पर्यायांत तो शून्य ठेवूनच देतो. बोर्डात पायऱ्यांचे गुण तरी पदरात पडतात. जेईईत बरोबरला ४, चुकीला उणे १. एका मोडपायी ५ गुणांचा खड्डा.

७५ प्रश्न, १८० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. रसायनशास्त्र ४० मिनिटांत आवरलं आणि भौतिकशास्त्र ६५ मिनिटांत, तर गणिताच्या २५ प्रश्नांना ७५ मिनिटं उरतात. पहिल्या फेरीत मॅट्रिक्स, व्हेक्टर, थ्रीडी, स्टॅटिस्टिक्स उचलायचं. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर पुढं जायचं. चार पर्यायांत तुक्का मारला तर सरासरी पाव गुण हाती लागतो, पण विषयाच्या शेवटच्या ५ प्रश्नांना पर्यायच नसतात, तिथं तुक्का म्हणजे हातचा गुण घालवणं. हे सांगायला वर्गात माणूस उभा लागतो. नसेल तर पणजीचा क्लास सांगतो, फी घेऊन. वाळपईहून बस, परतीला रात्र, पोर ताटावर पेंगतं, आणि हप्ता चुकला तर क्लासचा फोन येतो तो आम्हाला, शिक्षण खात्याला नाही.

शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणलंत, अभिनंदन. रोबोट वळवायला मोटर आहे, छेद समान करायला शिक्षक नाही. आयआयटी २०१६ साली फर्मागुडीत सुरू झाली. तिच्या जागेसाठी लोलये, मेळावली, सांगे असा फेरा घातलात, लोकांशी भांडलात. त्या आयआयटीत गोंयकार पोरांना राज्याचा कोटा नाही, हे कोणत्या भाषणात सांगितलंत? गेटबाहेरून इमारत बघायला काय, पर्यटकही येतात.

मागणं फार नाही. अकरावीचे पहिले चार आठवडे नवा धडा नको: अपूर्णांक, अवयव, असमानता, लॉग, आलेख, एवढंच. दर शनिवारी शाळेच्याच कॉम्प्युटरवर २५ प्रश्न, ७५ मिनिटं. नंतर प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: संकल्पना, आकडेमोड की घाई. ज्या मुलाच्या चुका आकडेमोडीच्या, त्याला नवी पुस्तकं देऊन उपयोग नाही. त्याला रोज पंधरा मिनिटं हातानं गुणाकार-भागाकार हवा. जुने पेपर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, खर्च छपाईचा. तोही जड असेल तर एका उद्घाटनाचा मंडप लहान करा.

जागा भरायची जाहिरात कोणत्या तारखेला निघणार, तेवढं लेखी कळवा. यंदाच्या मुलांसाठी नव्हे, त्यांचं वर्ष गेलंच. अकरावीत पुढची तुकडी बसली आहे.

सत्तरीतले काही पालक व गणित शिक्षक