बाळ्याची सोयरीक आणि न्यू रोशेलचा जुना खटला

न्यू रोशेल, न्यूयॉर्क

ती. सौ. आत्या आणि ती. आप्पा यांना साष्टांग नमस्कार.

आत्या, परवा फोनवर तू जे जे विचारलंस त्याची उत्तरं तेव्हा देता आली नाहीत, कारण बाळ्या शेजारीच बसला होता आणि त्याचे कान इकडेच होते. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू ते मावशीला पुढे धाडणार आणि मावशी अख्ख्या गंगापूर रोडला. म्हणून सरळ कागद घेतला. वाचून आप्पांकडे दे, कारण अर्धं पत्र त्यांच्यासाठीच आहे.

पहिला प्रश्न, बाळ्याने पसंत केलेली मुलगी नक्की कोण? वडील काळे, आई गोरी, दोघंही इथलेच. वडिलांचा इमारती बांधून भाड्याने द्यायचा धंदा आहे आणि तो चांगलाच मोठा आहे. घर स्कार्सडेलला. आमच्याच काउंटीतलं गाव, पण तिथली माणसं आमच्या गावात फक्त गाडी दुरुस्तीला येतात. मुलगी दिसायला कशी, तर तुझ्या धाकट्या नणंदेपेक्षा उजळ. (तू विचारलंस म्हणून लिहिलं. नणंदेला वाचून दाखवू नकोस.) केस दाट, कुरळे. त्यांच्या घरच्या पार्टीत एका पाहुणीने तिला बाळ्याची बहीण समजून ‘तुम्ही इंडियातून कधी आलात’ म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘मी इथेच जन्मले, वरच्या मजल्यावरची तिसरी खोली माझी.’ मला तेव्हाच ती आवडली.

ती स्वतःला काय म्हणवते? ब्लॅक. 2000 सालापासून इथल्या जनगणनेत एकाहून जास्त वंशांवर खूण करता येते, तिची आई मुलीच्या नावापुढे दोन्हीकडे खूण करते, मुलगी स्वतः एकाच ठिकाणी. ‘आई ज्या दुकानात एकटी गेली की कोणी बघतही नाही, तिथे मी गेले की माझ्यामागे नोकर फिरतो, मग मी दुसरी खूण कशाला करू?’ हे तिचं म्हणणं. हातात महागडी पर्स असली तरी फिरतो म्हणे. पर्स बघून तर जास्तच.

तुझा दुसरा प्रश्न तू आडून आडून विचारलास, तो म्हणजे मालमत्तेचा. त्याचं उत्तर ऐक. त्यांच्या वकिलाने बाळ्याला लग्नाआधीच्या कराराचा मसुदा दिलाय. त्यात दोघांनी आपापली मिळकत जाहीर करायची असते. तिची यादी कित्येक पानांची आहे, ट्रस्ट, शेअर, कुठल्या कुठल्या इमारतीतला हिस्सा. बाळ्याची यादी अशी: एक जुनी होंडा, शिक्षणाचं उरलेलं कर्ज आणि ओझरच्या प्लॉटमधला अर्धा वाटा. प्लॉटची किंमत लिहायची म्हणून त्याने आप्पांना फोन केला होता, आणि आप्पांनी उगाच फुगवून सांगितली. वकिलाने सातबारा मागितलाय, आप्पा, आता निस्तरा! तर आत्या, तू इथे मुलीचा रंग विचारतेयस आणि तिकडे ते मुलाचं बँक खातं तपासतायत. तुम्ही व्याही शोभाल एकमेकांना.

आता आप्पांसाठी. तुमची हयात जिल्हा कोर्टात गेली, म्हणून हे सांगते. आम्ही राहतो त्या न्यू रोशेलच्याच सिटी हॉलमध्ये 14 ऑक्टोबर 1924 ला एक लग्न लागलं. नवरा लेनर्ड ऱ्हाइनलँडर, सगळे त्याला किप म्हणत. वय विशीतलं, बोलताना अडखळणारा, बुजरा. घराणं न्यूयॉर्कच्या सर्वांत जुन्या श्रीमंतांपैकी, मॅनहॅटनमध्ये जमिनीच जमिनी. त्याआधी अठराव्या शतकात त्यांचा साखरेचा व्यापार, शहरात त्यांच्या नावाची साखरेची वखार होती, तिची एक खिडकी आजही पोलीस मुख्यालयापाशी जपून ठेवलीय. ती साखर यायची कॅरिबियन बेटांवरून, गुलामांनी पिकवलेल्या उसाची. नवरी ॲलिस जोन्स, त्याच्याहून थोडी मोठी, लोकांकडे घरकाम करणारी. आई गोरी इंग्रज, वडीलही इंग्लंडहून आलेले पण मिश्र वंशाचे.

दोघांची ओळख 1921 ची. किपच्या वडिलांच्या कानावर गेलं तसं त्यांनी मुलाला पार पश्चिमेकडे धाडून दिलं. पण तोवर त्यांनी काही आकांडतांडव केलं नव्हतं. श्रीमंताचा पोरगा मोलकरणीच्या मागे लागला, यात तेव्हा कोणाला नवल नव्हतं. पोराने परत येऊन रीतसर रजिस्टरात सही केली, तिथे बिघडलं. आता ती बायको झाली, म्हणजे वारस झाली. महिनाभरात स्थानिक वर्तमानपत्राने छापलं की ऱ्हाइनलँडरांच्या मुलाने काळ्या माणसाच्या मुलीशी लग्न केलंय. किप आधी तिच्या बाजूने उभा राहिला, आणि मग दोनेक आठवड्यांत घरच्या वकिलांनी पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळा झाला. लग्न रद्दबातल ठरवावं, कारण मुलीने आपलं काळं रक्त लपवून फसवणूक केली, असा दावा.

फसवणूकच का, तर न्यूयॉर्क राज्यात गोऱ्या-काळ्याच्या लग्नाला कायद्याने बंदी कधीच नव्हती. व्हर्जिनियात असती तर प्रश्नच मिटला असता. तिथली बंदी 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने उठवली. इथे मात्र ‘मला माहीत नव्हतं’ एवढीच पळवाट.

खटला नोव्हेंबर 1925 मध्ये व्हाइट प्लेन्सला उभा राहिला, म्हणजे मी रोज कामाला जाते त्या गावात. ज्युरीत सगळे गोरे, बायकामुलांवाले पुरुष. ॲलिसच्या वकिलाने, ली पार्सन्स डेव्हिस त्याचं नाव, सुरुवातीलाच कबूल करून टाकलं की हो, हिच्यात काळं रक्त आहे. आप्पा, डाव बघा. वादीचा निम्मा दावाच हातातून गेला. उरला एवढाच मुद्दा की किपला माहीत होतं की नव्हतं. मग त्याच्याच वकिलाने आपला अशील किती मंद आणि बावळट आहे हे सांगायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या घराण्याने पैसे मोजून वकील लावला, आणि त्याने भर कोर्टात पोराला खुळा ठरवलं! दोघांची प्रेमपत्रं वाचली गेली, अगदी नको ती वाक्यंसुद्धा. ॲलिसने एका पत्रात गायक ॲल जोल्सनचं नाव घेतलं होतं, तर तोही येऊन साक्ष देऊन गेला की मी हिला ओळखत नाही.

पुढचं लिहावंसं वाटत नाही, पण खटल्याचं मर्म तिथेच आहे. डेव्हिसचं म्हणणं असं की लग्नाआधी किपने हिला विवस्त्र पाहिलंय, तेव्हा हिचा वर्ण त्याला ठाऊक असणारच. ज्युरीने स्वतः पाहून ठरवावं. ॲलिसला आतल्या खोलीत नेलं, आई सोबत होती. तिने कोट खाली घेऊन खांदे, पाठ, पाय उघडे करून दाखवले, बारा पुरुषांना, न्यायाधीश आणि वकिलांच्या देखत. ती रडत होती. किपही तिथे होता. तिच्याच वकिलाने, तिच्याच भल्यासाठी हे केलं. पत्रकारांना आत सोडलं नाही, तर न्यूयॉर्कच्या ईव्हनिंग ग्राफिक नावाच्या पत्राने एक नटी उभी करून फोटो काढला, खऱ्या माणसांची तोंडं कापून त्यावर चिकटवली आणि पहिल्या पानावर छापला. संपूर्ण खटल्यात ॲलिस साक्षीच्या पिंजऱ्यात एकदाही गेली नाही. म्हणजे तिचं अंग पाहिलं, शब्द एकही ऐकला नाही.

5 डिसेंबरला निकाल तिच्या बाजूने लागला. त्या काळात, गोऱ्या ज्युरीकडून! एका ज्युरीने नंतर सांगितलं म्हणे की मनाप्रमाणे मत दिलं असतं तर निकाल उलटा लागला असता. किपच्या बाजूने अपिलं केली, ती फेटाळली गेली. शेवटी किपने 1929 मध्ये नेव्हाडात जाऊन घटस्फोट घेतला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. ॲलिसला काही रोख रक्कम आणि जन्मभर वर्षाला 3,600 डॉलर, अट ही की ऱ्हाइनलँडर हे नाव कुठेही लावायचं नाही. किप 1936 मध्ये न्यूमोनियाने गेला, बापाच्या आधी. ती 1989 पर्यंत जगली. पुन्हा लग्न केलं नाही. बीचवुड्स स्मशानभूमी आमच्या घरापासून लांब नाही, मी बाळ्याला आणि त्या मुलीला घेऊन गेले होते. दगडावर कोरलंय: ॲलिस जे. ऱ्हाइनलँडर. मेल्यावर कराराचा भंग केला बाईने. मुलीने त्याचा फोटो काढला आणि वडिलांच्या वकिलाला पाठवते म्हणाली. बाळ्या घाबरला.

आत्या, ‘आपल्यात असलं नव्हतं’ हे तुझं वाक्य मला नको सांगूस. त्याच 1925 च्या जानेवारीत मलबार हिलवर बावला नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा खून झाला, त्यात होळकरांचा दरबार सोडून गेलेल्या नर्तकी मुमताज बेगमपायी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली, हे तुला आप्पा सांगतील. त्याच तुकोजीरावांनी 1928 मध्ये सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलरशी लग्न केलं. तिची शुद्धी, म्हणजे हिंदू करून घ्यायचा विधी, झाला कुठे? आपल्या नाशकात! शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी विधी केला, नाव ठेवलं शर्मिष्ठादेवी. धनगर घराण्यात तिला दत्तक दिलं, म्हणजे जातीचाही प्रश्न मिटला, आणि मग बडवाह्याला थाटात लग्न. विरोध झाला, सभा झाल्या, पण विधी सापडला. इथे ॲलिसला अंग दाखवावं लागलं, तिथे नॅन्सीला नवं कुळ मिळालं. दोघींमध्ये फरक एवढाच की नॅन्सीच्या बाजूला महाराज होते, आणि ती गोरी होती. सिएटलची घरकाम करणारी काळी मुलगी असती तर कुर्तकोटींना शास्त्रात आधार सापडला असता का, आप्पांनीच सांगावं.

आणि गंमत बघ, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही. तेव्हाच्या कायद्याने अशा माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बाळ्याशी लग्न केलं असतं तर या पोरीचा देशच गेला असता, आणि तिच्या वडिलांनी ‘मुलगा नक्की कोण’ म्हणून तुझ्यासारखाच फोन केला असता.

होळकरांच्या पुढच्या पिढीत तर मामला सरळच पैशाअडक्याचा आणि गादीचा. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव, त्यांनीही पुढे अमेरिकन बायका केल्या. अमेरिकन आईपासून झालेला मुलगा रिचर्ड. 1961 मध्ये यशवंतराव गेले तेव्हा वारसा आधीच्या मराठी राणीची मुलगी उषादेवी यांच्याकडे गेला. मुलगा असून बाजूला राहिला, आईपायी. एरवी आपल्याकडे मुलगी असून वारस होणं किती अवघड, पण रक्ताचा हिशोब आला की तेही जमतं. तुझ्या कपाटातली ती करवतकाठी महेश्वरी आहे ना, जांभळी? महेश्वरचे माग पुन्हा उभे करणारी रेहवा सोसायटी याच रिचर्ड होळकरांनी आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी सुरू केली.

मला तर असं दिसतं की गडगंज घरांत प्रेमाला कोणाची फारशी हरकत नसते आणि रंगालाही थोडीफार सवलत मिळते. हरकत निघते ती सहीच्या वेळी. म्हणून बाळ्याला मी सांगितलंय, आपला वेगळा वकील कर, करार नीट वाच आणि सही कर. तिच्या आजोबांनी बँका काळ्या माणसांना कर्ज देत नसताना कमावलेलं आहे ते, त्यांनी राखलं तर आपण रुसायचं कारण नाही. मुलीला मात्र या कराराची लाज वाटते. वडिलांशी दोनदा कडाक्याचं भांडली. मी कोणाची बाजू घेतली नाही. (घेतली. वडिलांची.)

तर आता कामाचं. त्या महेश्वरीसारखीच एक तिच्यासाठी आण, जांभळी नको, तिला गर्द हिरवा आवडतो. मुलगी समोर आली की ‘बाई तू कोण गं’ करू नकोस, ती पुरणपोळी खाते का ते विचार. खाते, मी खाऊ घातलीय, तूप मागून घेते. तिच्या आईला मंगळसूत्र प्रकरण समजावून सांगायचं काम तुझ्याकडे, मला इंग्रजीतून वाटीचा अर्थ सांगायचा कंटाळा आलाय.

आप्पा, इथे लग्नाचं लायसन्स घेतल्यावर 24 तास थांबावं लागतं आणि ते 60 दिवसांत वापरावं लागतं, तेव्हा दाते पंचांगातून या बेताने बसेल असा मुहूर्त काढा आणि चातुर्मासाचं आता काढू नका. सातबाऱ्याची नक्कल डिजिटल सहीची चालते, मी विचारलंय.

तुझी,
मंजू