खामगावचे संग्रहालय जुन्या जिनातच करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खामगावच्या इतिहासाचे एखादे संग्रहालय असावे, असे गावात अनेकांना वाटते. पण विषय निघाला की गाडी नव्या इमारतीवर येऊन अडते. जागा कुठली, निधी कुठून आणायचा, भूमिपूजन कोणाच्या हस्ते करायचे. माझे म्हणणे असे की नवी इमारत बांधूच नये. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जुने कारखाने, म्हणजे जिनिंग-प्रेसिंग, आता बंद पडले आहेत; त्यांपैकी एक आवार ताब्यात घ्यावे आणि संग्रहालय तिथेच करावे. आणि हे लवकर ठरवावे, कारण वऱ्हाडात अशी आवारे एकेक करून मोडीत निघत आहेत. कुठे ले-आउट पडतो, कुठे मंगल कार्यालय उभे राहते.

हे गाव कापसाने घडवले. १८२० च्या सुमारास इथे काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली, तेव्हा व्यवहार होता तुपाचा आणि सुताचा. कापूस थोडाच यायचा. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी देशाचा व्हाइसरॉय खामगावात येतो, एवढा त्या काळी इथल्या कापसाचा दबदबा होता. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस ‘उमरा’ या नावाने विकला जाई आणि त्यात खामगावच्या मालाची ओळख वेगळी होती.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या व्होल्कार्ट ब्रदर्स या कंपनीने १८७० च्या दशकात खामगावात कापसाचा प्रेस टाकला. त्या कंपनीची कागदपत्रे आज विंटरथुरच्या नगर अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. म्हणजे वऱ्हाडच्या कापूस व्यापाराचा इतिहास अभ्यासायला स्वित्झर्लंडमध्ये सोय आहे आणि खामगावच्या शाळकरी पोराला तो आपल्या गावात कुठेही बघायला मिळत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते.

गावातल्या अशाच एका बंद आवारात मी मालकांच्या परवानगीने जाऊन आलो. जिनघरात यंत्रांचे चौथरे तेवढे उरले आहेत, त्यातून गंजलेले बोल्ट वर आलेले. सरकी काढणारी जिन-यंत्रे केव्हाच भंगारात गेली. छताखालचा लांबलचक शाफ्ट मात्र अजून जागेवर आहे. त्यावरच्या पुल्यांना पट्टे लावून सगळी रांग चालायची. भिंतीच्या खरबरीत चुन्यात रुईचे तंतू अडकलेले आहेत. कोपऱ्यात पत्र्याचे काही साचे पडले होते. अक्षरे आणि आकडे कापलेला असा पत्रा गाठीवर धरून वरून काळा रंग फिरवायचा, म्हणजे प्रेसचे मार्क आणि गाठीचा नंबर उमटायचा. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर हे घालणे सक्तीचे केले, कारण भेसळ कुठल्या प्रेसमध्ये झाली हे मुंबईत बसून कळले पाहिजे. एवढा अर्थ ज्या पत्र्यात आहे, तो उद्या किलोच्या भावाने जाईल.

म्हणूनच जिनातच संग्रहालय हवे. प्रेसघर दुमजली का असते, हे पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही. वरच्या मजल्यावरून रुई पेटीत टाकायची, माणसांनी आत उतरून पायांनी तुडवायची आणि मग प्रेसने दाबायची; तिथे उभे राहिले की हे एका नजरेत समजते. दारातल्या वजनकाट्यावरून आत शिरायचे, कापसाची सरकी आणि रुई कुठे वेगळी होते ते बघायचे आणि गाठी जिथून रेल्वेकडे निघायच्या त्या दाराने बाहेर पडायचे. सिमेंटच्या नव्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत एक जिन ठेवले, तर यातले काय कळणार?

बाजाराचा भागही तितकाच मोलाचा आहे. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमनाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार समिती, परवानाधारक मापारी, ठरवून दिलेले शुल्क ही आज देशभर दिसणारी व्यवस्था वऱ्हाडात आधी उभी राहिली. तरी त्या समित्यांवर वरचष्मा व्यापाऱ्यांचाच राहिला. रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा आणि ज्याने तो कापूस पिकवला, तो शेतकरी आपल्या मालाला काय भाव लागला हे कळायची वाट बघत गाडीजवळ उभा असायचा. संग्रहालयात हे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसत्या शेटजींच्या तसबिरी लावून भागणार नाही. जिनात कापूस घालायला बाया असत. १८८० च्या दशकात मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या, त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बायांची हकिगत नोंदलेली आहे. वऱ्हाडातल्या बायांचे हाल काही निराळे नसणार. त्यांचा फोटो नसेल, नाव नसेल, पण त्या जिथे बसत ती जागा अजून आहे.

अगदी अलीकडचा काळही घ्यावा. १९७२ पासूनची राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी, केंद्रासमोर रात्रभर थांबलेल्या बैलगाड्या, ग्रेडरशी होणारी हुज्जत, महिनोन्‌महिने अडकलेले चुकारे, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. हे सोसलेले लोक अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडीत ध्वनिमुद्रित करून ठेवायला फारसा खर्चही येत नाही. चांदीचा व्यापार, टिळक राष्ट्रीय विद्यालय, कोजागिरीपासून बसणाऱ्या मोठ्या देवीचा उत्सव यांची दालनेही असावीत. मुख्य कथा मात्र कापसाचीच राहावी.

मालकांवर अन्याय करून हे होऊ नये, हेही सांगतो. कोट्यवधींची जमीन कोणी फुकट द्यावी, अशी अपेक्षा करणे चूक आहे. आवाराचा मोकळा भाग मालकाने विकसित करावा, जिनघर आणि प्रेसघर नगर परिषदेने योग्य मोबदला देऊन घ्यावे, अशी वाटणी होऊ शकते. मुंबईचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल निवडली गेली, पण ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. याउलट अमेरिकेतल्या लोवेल गावात १९७८ मध्ये गिरण्यांचा परिसर राष्ट्रीय वारसा म्हणून राखला गेला आणि तिथल्या बूट मिलमध्ये आजही लोकांसमोर माग चालवून दाखवतात. आपल्याला एवढा मोठा पसारा नको. एक जिन जरी चालू स्थितीत ठेवले, तरी शाळांच्या सहली बुलढाणा, अकोल्याहून येतील.

इमारतीचा निर्णय व्हायला वेळ लागेल, हे मला मान्य आहे. भिंती आणखी चार पावसाळे काढतील. यंत्रे आणि वह्या मात्र तोवर राहणार नाहीत, कारण भंगारवाला आणि रद्दीवाला नेहमी आधी पोहोचतात. म्हणून नगर परिषदेने पहिले काम हे करावे की कोणत्या आवारात काय शिल्लक आहे याची यादी करावी आणि मालक देतील त्या वस्तू ठेवायला एखादी बंद खोली उपलब्ध करून द्यावी. अडत्यांच्या घरांत जुन्या खातेवह्या, सौद्यांच्या चिठ्ठ्या, प्रेसच्या पावत्या पोत्यांत बांधून ठेवलेल्या असतात. आपल्या दैनिकाने त्या जपून ठेवण्याचे आवाहन केले, तर लोक ऐकतील. येत्या दिवाळीच्या साफसफाईआधी ते छापून आले तर फार बरे होईल.

आपला,
एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)