चि. मनूस, मध्यस्थ होण्याआधी

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. मध्यस्थाच्या प्रशिक्षणातल्या पहिल्याच रोल-प्लेमध्ये दोन्ही बाजू ऐकून तू दहा मिनिटांत तोडगा सांगून मोकळी झालीस आणि परीक्षकांनी तुला तिथेच थांबवलं, असं म्हणालीस. तेव्हा मला जे सांगायचं होतं ते नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी बुद्धी चटकन चालते आणि जीभ तिच्याही पुढे. कोर्टात त्याचा तुला फायदाच झाला. पण या कामात बरोबर उत्तर तुला सुचून उपयोगाचं नाही, ते त्या दोघांच्या तोंडून यायला हवं. तू पाठवलेला २०२३चा मध्यस्थी कायदा मी सावकाश वाचला. त्यातही तेच आहे: मध्यस्थाने तडजोड लादायची नाही आणि ती होईलच अशी हमीही द्यायची नाही. वाचताना मला इंदूरच्या सियागंजातली, मी हिशेब ठेवायचे ती पेढी आठवली.

आमच्या शेठजींकडे लोक भांडणं घेऊन यायचे, तुला माहीत आहे. एकदा सांवेर रोडचा एक कार्टनवाला आणि एक नमकीनवाला आले. दोघांनी एकमेकांना वकिलाच्या नोटिसा दिल्या होत्या. कार्टनवाला म्हणे साडेएकोणीस लाख येणं आहे, नमकीनवाला म्हणे अकराच्या वर छदाम देणार नाही. शेठजींनी मला दोघांची खाती शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायला सांगितली. साडेआठ लाखांचा फरक होता, तो तीन जागी सापडला. पावसात ओला झालेला माल परत गेला होता, त्याची सव्वातीन लाखांची डेबिट नोट, म्हणजे एवढे पैसे कमी करा असा कागद, नमकीनवाल्याकडून निघाली होती, पण ते कमी केल्याची क्रेडिट नोट समोरून आलीच नव्हती. दीड लाख दरफरकाचे. उरलेले पावणेचार लाख म्हणजे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं अठरा टक्के व्याज.

आकडे जुळले तरी दोघं गप्प. मला वाटलं, आता शेठजी सांगतील, एवढं घ्या, एवढं सोडा. त्यांनी चहा मागवला आणि कार्टनवाल्याला विचारलं, "मशीन कैसी चल रही है?" तो बराच वेळ बोलला नाही. मग सगळं बाहेर आलं. नमकीनच्या ऑर्डरींच्या भरवशावर त्याने कर्ज काढून नवीन मशीन घेतली होती. नमकीनवाल्याचा मुलगा धंद्यात आला आणि काही न कळवता पिथमपूरहून माल घ्यायला लागला. मशीन अर्धा दिवस बंद, बँकेचा हप्ता चालू. हे नमकीनवाल्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा मी समोरून पाहिला, म्हणून सांगते. त्यानंतर दोघंच एकमेकांशी बोलत राहिले. ओल्या मालाचे पैसे वजा, दरफरक निम्मा-निम्मा, व्याज सोडलं, बाकी पाच हप्त्यांत. आणि सहा महिने बाजारभावाने ऑर्डर, मात्र गेटवर कार्टनची ओल तपासूनच गाडी उतरवायची.

यातली शेवटची गोष्ट बघ. कोर्टाने फार तर रक्कम आणि व्याज देववलं असतं. सहा महिन्यांची ऑर्डर कुठल्या हुकूमनाम्यात आली असती? आणि कार्टनवाल्याला जगायला तीच हवी होती. शेठजींनी निकाल सांगितला असता तर मशीनचा विषय कधी निघालाच नसता.

होळकरांच्या काळी आपल्या इंदूरच्या बाजारात ग्यारह पंच होते, व्यापाऱ्यांचे तंटे ऐकायचे. त्यांचा मोठा मान होता, पण ते पंच होते, निवाडा द्यायचे. इथली जुनी माणसं तुझ्याकडूनही तेच मागतील. "ताई, तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल ते मान्य." अशा वेळी फार जपून राहा. त्या दिवशी मान डोलावतील आणि महिन्याभराने म्हणतील, आमच्याकडून सही करून घेतली.

तूच मला सांगितलंस की तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा व्यापारी दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातल्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावंच लागतं. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२२ साली ते सक्तीचंच ठरवलं. मुदत तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. म्हणजे तुझ्यासमोर बसणारे कितीतरी जण मनाने आलेले नसतील, फक्त दावा लावण्याचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून आलेले असतील. त्यांचा राग धरू नकोस. आलेला माणूस खुर्चीत बसला आहे, एवढ्यावर पुष्कळ होऊ शकतं.

आता गुप्ततेबद्दल, आणि ही मला सगळ्यात अवघड वाटते. दिल्लीसारख्या मोठ्या शहरात ती सोपी असेल. इंदूरची मराठी मंडळी केवढीशी! रामबागेत शिंकलं तर लोकमान्य नगरात ऐकू येतं. एका बाजूशी तू एकटी बोलशील तेव्हा ती जे सांगेल, ते तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत जाता कामा नये, आणि आपल्या स्वयंपाकघरात तर नाहीच. मी आई म्हणून विचारेन, तेव्हा मलाही सांगू नकोस. मामाचं कापडाचं दुकान आहे, बाबांचे निम्मे मित्र व्यापारात आहेत. कुणाशी ओळख निघाली तर पहिल्याच मिनिटाला दोन्ही बाजूंना सांगून टाक. कायदाही तेच सांगतो. त्यांनी नको म्हटलं तर उठून ये. कुणाला वाईट वाटलं तर त्यांच्याशी मी बोलेन.

आणि हिशेब ठेवणारी बाई म्हणून एक हट्ट. तडजोड झाली की सगळे दमलेले असतात, हात मिळवतात, कागद घाईत होतो. तिथे तू घाई करू नकोस. कलम १२अ खालच्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचं बळ असतं, म्हणजे उद्या वसुली त्या कागदावरून होणार. रकमेत जीएसटी धरला आहे का? टीडीएस कोण कापणार? क्रेडिट नोट कोण आणि कधी काढणार? जीएसटीत वजावट हवी असेल तर माल दिला ते आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच ती चालते, हे वकिलांच्या लक्षात राहत नाही. एक हप्ता चुकला तर सगळी बाकी एकदम देय की नुसतं व्याज? कंपनीकडून आलेल्या माणसाला सही करायचा अधिकार आहे का, हे तर सुरुवातीलाच बघ. नाहीतर दिवसभर बसून संध्याकाळी तो म्हणतो, साहेबांना विचारून सांगतो. या सगळ्याची उत्तरंही त्यांनीच द्यायची, पण प्रश्न तू विचारायचे. इथे तुझी चटकन चालणारी बुद्धी मनसोक्त वापर.

उद्याच्या रोल-प्लेमध्ये उत्तर ओठांवर आलं तर ते कागदावर लिही, कागद उलटा ठेव आणि आणखी एक प्रश्न विचार. शेठजी गप्प बसायचे तेव्हा पेन्सिल हातात फिरवत बसायचे; तुला काय जमतं ते तू शोध.

पैशांची काळजी तुझ्या बोलण्यात दोनदा आली, म्हणून स्पष्ट लिहिते. चाळीस तासांचं प्रशिक्षण झालं म्हणून लगेच कामं येणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरणाकडून येतील त्यांची फी बेताचीच असेल. तरी ती घे, आणि ज्येष्ठ मध्यस्थांच्या शेजारी नुसतं बसायला मिळालं तरी जा. वकिली एकदम सोडू नकोस, पण एका वादात वकील आणि मध्यस्थ दोन्ही होण्याचा प्रसंग येऊ देऊ नकोस. फ्लॅटचा हप्ता दोन वर्षं आम्ही भरू, बाबांशी बोलणं झालं आहे आणि त्यांनी हो म्हटलं आहे. बँकेचा फॉर्म तेवढा पाठव.

तुझी,
आई