दुसऱ्या अल्बमचं फक्त पहिलं गाणं ऐकून निकाल लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही नवी मुंबईतल्या बँडवर अर्धं पान दिलंत, ते मी दोनदा वाचलं, कारण त्यात माझ्या मुलाचा बँड पण होता, तो ड्रम वाजवतो. बाकीच्यांबद्दल छान लिहिलंय, फोटोही मस्त आलेत. आमच्या पोरांच्या दुसऱ्या अल्बमवर मात्र एकच वाक्य, की पहिल्याची मजा यात नाही, आणि विषय संपला. आई म्हणून वाईट वाटलंच, ते मी लपवत नाही. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. त्या लेखात एकाच गाण्याचा उल्लेख आहे आणि तेसुद्धा अल्बममधलं पहिलंच गाणं. नऊ गाणी आहेत हो त्यात.

आठवा, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा इंग्लंडचा बँड आमच्या इथे नेरूळला डीवाय पाटील स्टेडियमवर आले होते, १८, १९ आणि २१ तारखेला. त्याआधी महिनाभर रोज काही ना काही छापून येत होतं, तिकिटं कितीला ब्लॅक झाली, गाड्या कुठे लावायच्या, ट्रॅफिक कुठून वळवणार, नंतर त्यांचा गायक ख्रिस मार्टिन स्टेजवर मराठीत काय बोलला. गाणी कशी बनली यावर मला तरी काही वाचायला मिळालं नाही. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तिन्ही दिवस अर्धी सोसायटी जमली होती, वारा इकडे वळला की आवाज अगदी स्पष्ट यायचा, मुलाचे बँडवाले मित्रही चटया घेऊन आले होते कारण तिकीट एकालाही मिळालं नव्हतं. त्यात ते पियानोचं गाणं सुरू झालं, 'क्लॉक्स', तीच ती गोल गोल फिरणारी धून, आणि मुलगा मला म्हणाला, आई, हे गाणं त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये येणारच नव्हतं.

मग त्याने मला ती सगळी गोष्ट सांगितली आणि नंतर मी स्वतः शोधून वाचलं.

त्यांचा पहिला अल्बम 'पॅराशूट्स' जुलै २००० मध्ये आला आणि जोरात चालला. तरी टोमणे पडलेच. ॲलन मॅगी म्हणून तिकडच्या म्युझिक कंपनीतलं मोठं नाव, त्याने तर अंथरूण ओलं करणाऱ्यांचं संगीत असंच म्हटलं होतं. म्हणजे एवढं यश मिळून वर हे ऐकायचं आणि मग दुसरा करायला बसायचं. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा न्यूयॉर्कच्या त्या दोन टॉवरवर हल्ला होऊन जेमतेम आठवडा झाला होता. लंडनमध्ये मन लागेना म्हणून लिव्हरपूलला गेले, पार स्ट्रीटच्या स्टुडिओत, तिथे पहिल्या अल्बमचंही काही काम झालं होतं, आणि तिथे गेल्यावर जे जीव लावून बसले ते बसलेच. जून २००२ मध्ये यायचा होता अल्बम, पण त्यांचं स्वतःचं समाधान होत नव्हतं म्हणून तारीख पुढे ढकलली, आला २६ ऑगस्टला. 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड'.

आणि ते 'क्लॉक्स'. एकदा रात्री उशिरा मार्टिनला पियानोवर ती धून सापडली, पण तोपर्यंत दहा गाणी तयार होती, अल्बम झालाच असं सगळे धरून चालले होते, म्हणून हे अर्धवट गाणं त्यांनी तिसऱ्या अल्बमसाठी म्हणून बाजूला ठेवून दिलं. फिल हार्वी, त्यांचा जुना मित्र आणि मॅनेजर, त्याने ते ऐकलं आणि म्हणाला हे आत्ताच पुरं करा. म्हणून ते अकरावं गाणं आत आलं. पुढे २००४ मध्ये त्याच गाण्याला रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, आणि अल्बमला त्याच्या आदल्या वर्षीच बेस्ट अल्टरनेटिव्हचं मिळालेलं होतं. मला यातला फिल हार्वी सगळ्यात आवडतो. एका माणसाने नीट कान देऊन ऐकलं, बस.

आता मला म्हणायचंय ते असं. त्यांच्या त्या अल्बममधलं पहिलं गाणं आहे 'पॉलिटिक', त्या हल्ल्याच्या दिवसांतच सुचलेलं, सगळी वाद्यं एकदम दणदण आदळतच सुरू होतं. पॅराशूट्स ऐकून जो माणूस मऊ मऊ गिटारच्या आशेने बसला असेल तो दचकणारच. पण ते मुद्दाम तसं ठेवलेलं असावं असं मला वाटतं, की बाबा, आधीचं डोक्यातून काढ आणि मग ऐक. आणि त्याच्या लगेच मागून 'इन माय प्लेस' येतं, त्यात तो मऊपणा आहेच की. म्हणजे पहिल्याच गाण्यावर थांबून कोणी निकाल दिला असता तर काय दिला असता? आमच्या पोरांनीही पहिलं गाणं मुद्दाम खडबडीत ठेवलंय, नुसते ड्रम आणि बास, गिटार येते दीड मिनिटाने. तुमच्या लेखकाने नेमकं त्यावरच मत दिलंय.

हा दुसरा अल्बम कसा झाला ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. पहिल्या अल्बमची गाणी कॉलेजच्या फेस्टमध्ये तीन वर्षं वाजवून वाजवून तयार झालेली होती, कुठे टाळ्या पडतात, कुठे लोक मोबाईल काढतात सगळं पाठ होतं, चार दिवसांत रेकॉर्ड झाली. दुसऱ्याच्या वेळी ते कॉलेज नाही, ते लोक नाहीत. एक ऐरोलीला आयटीत, एक उरणला शिफ्टमध्ये, एक गिटारचे क्लास घेतो, आमचा सीएची आर्टिकलशिप करतो. घरी ड्रम वाजवायचा प्रश्नच नाही, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये मिक्सर लावला तरी शेजारी कळतं. मग रबाळे एमआयडीसीत एक गाळा तासाच्या भाड्याने, भिंतींना जुन्या गाद्या, वर पत्रा. बाजूच्या गाळ्यात प्रेस मशीन चालायचं, त्याचा धक्का किक ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, माइकमध्ये यायचा, म्हणून ड्रमचे टेक, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचं वाजवणं, फक्त रविवारी किंवा रात्री अकरानंतर. मे महिन्यात एसी बंद करून वाजवायचे कारण एसीची घरघर पण माइकमध्ये येते, घरी यायचा तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा.

सात गाणी पूर्ण झाली होती. एका रात्री चौघं आमच्याकडे जेवायला होते, पिठलं भात केला होता, तिथेच बसून सगळी सलग ऐकली आणि कोणी काही बोलेचना, मग गिटारवाला म्हणाला हे आपण पहिलाच अल्बम परत केलाय रे. सातातली पाच काढून टाकली. पाच! वर्षभराचं काम, आणि स्वतःच्या खिशातले पैसे. मला रडू आलं होतं खरं तर, त्यांच्यातलं कोणी रडलं नाही. त्यानंतर नवी गाणी केली, त्यात पावसाळ्यात झालं ते अल्बममधलं आठवं गाणं, खाडीवरचं, सीवूड्सच्या तलावावर फ्लेमिंगो येतात ना तिथे बसून बासवाल्याने लिहिलेलं. ते वाजवताना पत्र्यावर धो धो पाऊस आला, टेक फुकट गेला म्हणून थांबणार होते पण कोणी थांबलं नाही, आणि तो पाऊस गाण्यात तसाच ठेवलाय, मिक्सिंग करणाऱ्याने काढू का विचारलं तर नको म्हणाले.

सगळंच चांगलं झालंय असं मी म्हणत नाही. चौथं गाणं नऊ मिनिटांचं आहे आणि मधली तीन मिनिटं नसती तरी चाललं असतं, मी त्यांना तोंडावर सांगितलंय. दोन गाण्यांत गाणाऱ्याचा आवाज इतका मागे आहे की शब्द कळत नाहीत, मराठीत गायचं तर शब्द कळायला हवेत. हे सगळं तुमच्या लेखकाने लिहिलं असतं तर मी कात्रण काढून ठेवलं असतं. पोरांनाही झोडपलेलं चालतं, फक्त ऐकून झोडपा एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

कारण त्या एका वाक्याने काय होतं ते सांगते. पहिल्या अल्बमनंतर चौदा ठिकाणी बोलावणं आलं होतं, या वेळी आत्तापर्यंत दोन. वाशीतल्या एका कॅफेवाल्याने तर तुमचं कात्रण दाखवूनच सांगितलं की स्वतःची दोनच वाजवा, बाकी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी घ्या, लोकांना ओळखीची गाणी लागतात. इन्स्टावर पण तेच, पहिलाच भारी होता. अरे पण पहिला अल्बमसुद्धा आला तेव्हा कोणाला माहीत होता, तीन वर्षं कानावर पडला म्हणून ओळखीचा झाला ना. बासवाल्याची आता पुण्याला बदली होतेय आणि तो मागे बोलून गेला की तिसऱ्याचं बघू. हे बघू मला अजिबात आवडलेलं नाही.

तुमची पुरवणी ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरात जाते, नाटकाचं परीक्षण तुम्ही दर आठवड्याला अर्धा कॉलम देता आणि ते लिहिणारा माणूस तिन्ही अंक बसून बघतो. तसंच इथल्या मुलांच्या अल्बमचं महिन्यातून एकदा का होईना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून लिहा. घोडबंदरला, डोंबिवलीला, कामोठ्याला अशी किती पोरं गाळे नाहीतर कोणाचं तरी रिकामं दुकान शोधून वाजवतायत, त्यांच्यावरही लिहा, आमच्यावरच लिहा असं नाही.

आणि ज्यांनी तो लेख लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना माझा निरोप द्या. बासवाला पुण्याला जायच्या आधीचा शेवटचा जॅम येत्या शनिवारी रात्री अकराला आहे, रबाळेला त्याच गाळ्यात, पूर्ण अल्बम ओळीने वाजवणार आहेत. पत्ता मी कळवते. चहा आणि बटाटेवडे मी घेऊन येणार आहे. आठव्या गाण्यापर्यंत थांबा म्हणावं.

आपली नियमित वाचक,
एका ड्रमरची आई, नेरूळ