रेग्युलेटर लावून मोटर हळू होत नाही, जळते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात घरच्या घरी छोटी मशिनं बनवण्यावर जे आलंय त्यात एक वाक्य आहे, की भंगारातली कुठलीपण मोटर घ्या आणि रेग्युलेटर लावून पाहिजे तेवढा स्पीड कमी करा. हे वाचून आमच्या शेडमधली पोरं हसली आणि मी गप्प बसलो, कारण दोन वर्षांमागं मी नेमकं हेच केलं होतं, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर वीस वर्षं काढून झाल्यावर.

अनगोळला घरामागच्या शेडमध्ये मी एक ड्रम फिरवायलोय, लेथवरनं निघालेल्या बारक्या पार्टांची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळं, घासून काढायला. 200 लिटरचा जुना ऑइल बॅरल आडवा टाकलाय, दोन्हीकडं शाफ्ट आणि तो धरणारे बेअरिंगचे प्लमर ब्लॉक, आत पार्ट, घासायचे दगड आणि साबणाचं पाणी, सगळं मिळून 50 किलोच्या आसपास. बॅरलचा व्यास साधारण 57 सेंटीमीटर, म्हणजे 56 आरपीएमला (मिनिटाला 56 फेरे) गेला की आतला माल भिंतीला चिकटून त्याच्याबरोबरच गोल फिरतो आणि घासणं बंद (42.3 ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळानं भागलं की हा आकडा येतो). त्याच्या निम्म्यावर, 28 च्या आसपास ठेवला की माल वर चढून घसरत खाली येतो, बाहेरनं समुद्रासारखा आवाज येतो, तेच खरं काम.

तर मी काय केलं, भंगारातनं 1 एचपीची सिंगल फेज कपॅसिटर स्टार्ट मोटर आणली, 1440 आरपीएमची, आणि बेल्टनं एकच टप्पा केला, 2 इंच पुली मोटरवर, 12 इंच ड्रमवर, म्हणजे 240, आणि राहिलेला स्पीड मारायला ऑनलाइन मागवलेला 4000 वॉट लिहिलेला डिमर, म्हणजे रेग्युलेटरच. नॉब फिरवतोय फिरवतोय, स्पीड काय फारसा कमी होईना, मग एकदम पडला, आत टक्कन आवाज झाला, मोटर घूं-घूं करायला लागली, आणि मी आपला अजून नॉबच बघतोय. आई स्वयंपाकघरातनं ओरडली, अरे भात लागला काय बघ. भात नव्हता, मोटरच्या तारांवरचं व्हार्निश होतं.

वाइंडिंगवाल्यानं मोटर खोलून दाखवली तेव्हा कळलं. ह्या मोटरच्या आत सेंट्रीफ्यूगल स्विच असतो, पाऊण स्पीड झाला की तो स्टार्टिंगचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) लाइनीतनं तोडतो. मी स्पीड खाली ओढला म्हटल्यावर स्विच परत जोडला गेला, आणि जे वाइंडिंग दोन-तीन सेकंदांसाठी बनवलंय ते सलग चालत बसलं. मेन वाइंडिंग तांबूस, स्टार्टिंगचं काळंकुट्ट.

मग सिलिंग फॅनला रेग्युलेटर कसा चालतो, असं पोरगा विचारायला लागला, आणि प्रश्न बरोबर होता. पंख्याचा स्पीड निम्मा झाला की हवेचा भार चौथाईवर येतो, आणि ती मोटरपण त्याच हिशोबानं बनवलेली असते. माझ्या ड्रममधले 50 किलो मात्र स्पीड कमी केला म्हणून हलके होत नाहीत. आणि रेग्युलेटर व्होल्टेजच कमी करतो, तो कमी केला की मोटरचा जोर वर्गाच्या हिशोबानं पडतो, 230 चे 180 झाले की साठ टक्केच राहतो. संध्याकाळी लाइट डल झाली की पिठाची गिरणी का कण्हते ते ह्याच्यात आलं.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, किती एचपी पाहिजे? अहो एचपीनं काय होतंय. आधी किती आरपीएमला फिरवायचंय आणि किती ओढायचंय ते विचारा की. माझा माल फिरताना एका बाजूला चढून बसतो, मध्यापासनं साधारण 15 सेंटीमीटरवर, म्हणजे 50 किलोला साडेसात किलोग्रॅम-मीटरचा पीळ (फिरवायला लागणारा जोर), 74 न्यूटन-मीटर धरा. 28 आरपीएमला ह्याला पाव किलोवॅटसुद्धा लागत नाही! ताकद थोडीच पाहिजे, पण ती गिअरमधनं आली पाहिजे, मोटरचा गळा दाबून नाही.

शेवटी वडगावातनं बंद पडलेल्या यंत्रमागाची मोटर मिळाली, थ्री फेज, 1 एचपी, 960 आरपीएम. मागाच्या मोटरला चालू होताना जोर चांगला असतो, आणि मूळचाच स्पीड कमी म्हणजे गिअरचं काम हलकं. त्याला 30 ला 1 वर्म (स्क्रूसारख्या दांड्याचा) गिअरबॉक्स जोडला, 32 आरपीएम झाले. घरी सिंगल फेज आहे म्हणून वाइंडिंगवाल्याकडनं मोटर डेल्टामध्ये (230 व्होल्टवर चालेल अशी जोडणी) करून घेतली आणि सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा, हर्ट्झ बदलून स्पीड बदलणारा छोटा व्हीएफडी लावला, तो नेहमीच्या 50 ऐवजी 44 हर्ट्झवर ठेवलाय, बरोबर 28 च्या जवळ. आता कोणी म्हणेल व्हीएफडी आहे तर गिअरबॉक्स कशाला, 1440 ची मोटरच 1 हर्ट्झवर चालवू. नका हो. गिअर नाही म्हटल्यावर जोर वाढत नाही, आणि मोटरचा स्वतःचा पंखापण तेवढाच हळू फिरतो, थंड कोण करणार.

ज्यांना व्हीएफडी परवडत नाही त्यांनी बेल्टचे दोन टप्पे करावेत, 1440 ला आधी सहापट कमी, मग आठपट कमी, 30 आरपीएम येतात. जागा खातो, पण ड्रम अडकला तर बेल्ट घसरतो आणि दात तुटत नाहीत, हा एक फायदा वर्ममध्ये नाही. हलक्या कामाला हायवेच्या गॅरेजमधनं ट्रकची वायपर मोटर चालते, तिच्यात गिअर आधीच असतात, आमच्या गल्लीत एकानं त्यावर कोंबडी भाजायचं ग्रिल केलंय. दिवसभर ओढायला मात्र ती लावू नये.

तेवढी ती रेग्युलेटरची ओळ दुरुस्त करून छापा. आणि फोटोत जो बेल्ट दाखवलाय त्याला गार्ड नाही, तोपण लावून दाखवा, शेडमधनं बायका पदर घेऊनच जातात-येतात.

आपला,
एक लेथवाला, अनगोळ, बेळगाव